सोयीचा भूतकाळ

रहस्यकथा लिहू पाहणाऱ्या तरुणांना आपल्याकडे एक सल्ला मोठ्या आपुलकीने दिला जातो. कथा आजच्या काळात घडवू नका, दोन-चारशे वर्षे मागे जा, असे वडीलधारे लेखक सांगतात. तिथे दूरध्वनी नाही, छायाचित्र नाही, रक्ताची तपासणी नाही. गुन्हेगाराला लपायला जागा भरपूर आणि लेखकाला अभ्यासाचे ओझे कमी. शिवाय दूरच्या काळातल्या माणसांचे कोणी नातेवाईक उरलेले नसतात, तेव्हा कोणाचे मन दुखावण्याचा प्रश्न नाही. वाचकाला पगडी, पालखी आणि मशाली आवडतातच. साहित्यमेळाव्यांतून आणि लेखनशिबिरांतून हा उपदेश इतक्या वेळा ऐकू येतो की तो आता कोणाला तपासून पाहावासाही वाटत नाही.

मला तो घातक वाटतो. ऐतिहासिक रहस्यकथेला माझा विरोध नाही. हा साहित्यप्रकार आपल्या मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून अधिक यावा, अशी माझी इच्छा आहे. परंतु काळ कशासाठी निवडायचा, या प्रश्नाला 'सोयीसाठी' असे उत्तर देणारा लेखक पहिल्याच पावलाला कथा हरवून बसतो, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या परंपरेकडे पाहावे. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१ पासून, मराठीत ऐतिहासिक कादंबरी अखंड वाहते आहे. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, वि. वा. हडप, पुढे ना. सं. इनामदार, रणजित देसाई, शिवाजी सावंत यांनी शिवकाळ आणि पेशवाई हे दोन काळ घरोघर नेले. दुसरीकडे रहस्यकथा आली आणि तीही तितकीच वाचली गेली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने तीन पिढ्यांना रात्री जागवले. गो. ना. दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथांना आपल्याकडच्या जुन्या काळाचे कपडे चढवून दोन प्रवाह एकत्र आणण्याचा प्रयत्न केला होता, आणि तो रंजकही झाला. पण हे प्रवाह खऱ्या अर्थाने एक झाले नाहीत. याचे कारण साधे आहे. आपली ऐतिहासिक कादंबरी निर्दोष कोण आणि दोषी कोण हे ठरवून मगच पहिले पान उघडते, आणि रहस्यकथेला तेच तर चालत नाही. ज्या गोष्टीत खलपुरुषाचा धर्म, त्याचे घराणे आणि त्याच्या मिशांचा आकडा आरंभीच सांगितलेला असतो, तिथे रहस्य उरते ते एका भुयाराचे.

भुयारावरून आठवले. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले विद्वान धर्मगुरू. १९१७ साली ते कॅथलिक झाले आणि पुढे त्यांनी संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले. फावल्या वेळात ते रहस्यकथा लिहीत. १९२९ साली त्यांनी या प्रकारासाठी अर्धवट विनोदाने दहा आज्ञा घालून दिल्या. त्यांतली एक अशी की, गुप्त दालन किंवा चोरवाट कथेत एकाहून अधिक असू नये. हा नियम आपल्या गडकोटांच्या कादंबऱ्यांना लावला तर किती गड ढासळतील याचा हिशेब वाचकांनीच करावा! नॉक्स यांच्याच आणखी एका आज्ञेनुसार गुन्हेगार कथेच्या आरंभीच्या भागात वाचकाला भेटलेला असला पाहिजे. ही आज्ञा वरवर तंत्राची दिसते. पण तिचा अर्थ असा होतो की गुन्हेगार बाहेरून आणता येणार नाही. तो आपल्यांत बसलेलाच असला पाहिजे.

हे आपल्या वाचकांना नवीन वाटू नये. दानिएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आपल्या बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये तो मूळ ग्रंथाचा भाग म्हणून नाही. सुसान्नाची ही कथा तपासकथांच्या इतिहासात अगदी आरंभीची म्हणून सांगितली जाते. दोन वडील माणसे, तीही त्या वर्षी न्यायाधीश म्हणून नेमलेली, एका निष्पाप स्त्रीवर व्यभिचाराचा आळ घेतात. साक्षीदार दोन, म्हणजे कायद्याची अट पुरी. सभा तिला मरणाची शिक्षा सुनावते. तेव्हा तरुण दानिएल पुढे होऊन त्या दोघांना वेगवेगळे उभे करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तू त्या दोघांना कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एक जण एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. आजही कोणताही जाणता फौजदार साक्षीदारांना एकत्र बसू देत नाही, त्याचे मूळ या अध्यायात पाहावे.

माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. दानिएलचा ग्रंथ आज ज्या रूपात आपल्यापुढे आहे ते रूप ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, अंतियोख राजाच्या छळाच्या काळात सिद्ध झाले, असे आपले बायबलपंडितही आता मानतात. कथा मात्र घडते बाबेलच्या बंदिवासात, म्हणजे सुमारे चारशे वर्षे आधी. लेखकाने गतकाळ निवडला आहे. आणि कोणता काळ? ज्या काळात परका, जुलमी, मूर्तिपूजक बाबेलवासी गुन्हेगार म्हणून हाताशी तयार होता. सुसान्नावर आळ घेणारा एखादा बाबेली सरदार दाखवला असता तर छळाने गांजलेल्या वाचकांनी टाळ्याच दिल्या असत्या. लेखकाने तसे केले नाही. गुन्हेगार म्हणून त्याने आपल्याच समाजाचे वडील, आपलेच न्यायाधीश उभे केले.

पुढच्याच अध्यायात बेल या दैवताची कथा येते. मूर्तीपुढचे अन्न रात्रीतून नाहीसे होते. दाराला राजाची मोहोर असते. दानिएल राजाच्या समक्ष फरशीवर राख पसरवतो आणि सकाळी पुजारी, त्यांच्या बायका आणि मुले यांच्या पावलांचे ठसे राखेत उमटलेले दिसतात. बंद खोलीचे रहस्य म्हणून ही गोष्ट नमुनेदार आहे. (चोरवाटही एकच आहे, नॉक्स यांची हरकत नसावी!) तरीही निव्वळ कथा म्हणून सुसान्ना मनात रुतून बसते आणि बेल वाचून आपण हसून पुढे जातो. बेलच्या कथेत दोषी परके आहेत. त्यांचे कपट उघडे पडल्याने वाचकाला स्वतःविषयी काहीच विचारावे लागत नाही.

पश्चिमेकडे ज्यांनी हा प्रकार नावारूपाला आणला त्यांनीही हेच केलेले दिसते. एलिस पीटर्सने १९७७ पासून ब्रदर कॅडफेल हा औषधी वनस्पतींचा जाणकार मठवासी घेऊन वीस कादंबऱ्या लिहिल्या. काळ बाराव्या शतकातला, इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन आणि मॉड यांच्यात चाललेल्या यादवीचा. पहिल्याच कादंबरीत एका संत स्त्रीच्या अस्थी आपल्या मठात आणण्याच्या मठवासीयांच्या हव्यासातून खून होतो. उंबेर्तो एको याने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली कादंबरी १३२७ सालच्या एका मठात घडते आणि मृत्यूचे मूळ मठाच्या तटाबाहेर सापडत नाही. चेस्टरटनचे फादर ब्राऊन १९११ पासून पुस्तकरूपाने वाचकांना भेटू लागले. ते लेखकाच्या स्वतःच्या काळातले असल्यामुळे आपल्या विषयात बसत नाहीत, पण त्यांची तपासाची रीत सांगण्यासारखी आहे. खुनी होण्याइतके वाईट आपण स्वतः कसे होऊ शकू, याचा ते अंतर्मुख होऊन शोध घेतात, आणि तिथून खुनी ओळखतात. ज्या लेखकाने काळ निवडतानाच आपले लोक निर्दोष ठरवून टाकले, त्याला ही रीत कधीच हाती लागणार नाही.

मग काळ निवडायचा कसा? माझ्या मते प्रत्येक काळ खुन्याला एक तयार उत्तर पुरवतो. विहिरीत प्रेत सापडले की त्या काळातला समाज पुराव्याची वाट न पाहता एक नाव उच्चारतो. कुठे ते नाव चेटकिणीचे असते, कुठे पाखंड्याचे, कुठे गावकुसाबाहेरच्या माणसाचे. हुशार खुनी ते उत्तर आधीच ओळखून असतो आणि त्याच्या आडोशाला उभा राहतो. रहस्यकथेतल्या तपासणाऱ्याचे काम म्हणजे तो आडोसा दूर करणे. म्हणून लेखकाने कोणत्या काळात पालखी होती हे विचारू नये. कोणत्या काळाचे तयार उत्तर आपण आजही खरे मानतो, हे विचारावे. तोच काळ लिहिण्याजोगा.

पेशवाईचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष प्रत्यक्ष रघुनाथरावांवर ठेवला. सत्तेवर बसलेल्या माणसाला तोंडावर खुनी म्हणणारा न्यायाधीश आपल्या इतिहासात होऊन गेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण लोकांच्या तोंडी काय राहिले? 'ध'चा 'मा'. आनंदीबाईंनी पत्रातले एक अक्षर बदलले आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, ही कथा शाळकरी मुलालाही पाठ असते. रामशास्त्र्यांचा निर्णय मात्र सांगितला तर आठवतो. एका बाईच्या लेखणीवर सारे ढकलले की गादीचा लोभ, गारद्यांचा थकलेला पगार, कारस्थानातली इतर माणसे, सारे धूसर होऊन जाते. तयार उत्तर म्हणतात ते हे. पेशवाईवरची ऐतिहासिक रहस्यकथा लिहायची तर त्या अक्षराच्या मागे कोण कोण लपले, हे शोधणारी लिहावी. इंग्रजीत जोसेफिन टे या लेखिकेने १९५१ साली तिसऱ्या रिचर्ड राजाविषयी असे करून दाखवले. तिचा पोलीस अधिकारी रुग्णालयातल्या खाटेवर पडल्या पडल्या जुने कागद तपासतो आणि पुतण्यांचा खुनी म्हणून शतकानुशतके बदनाम झालेल्या राजाच्या बाजूने बोलू लागतो. तिचा निष्कर्ष सर्व इतिहासकारांना पटलेला नाही, परंतु प्रश्न विचारण्याची तिची रीत पटण्यासारखी आहे.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. आपल्या नियतकालिकांतून ऐतिहासिक कथा म्हटली की पोर्तुगीज काळातली वसई येते. १५३४ ते १७३९ हा दोनशे वर्षांचा काळ, किल्ल्यातली चर्चे, फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय मठ, समुद्रावरची गलबते. रहस्याला पोषक असे सारे त्यात आहे. पण या कथांतून खजिना पुरलेला असतो आणि तो चोरणारा चाचा असतो, नाहीतर वेढा घालणारा एखादा शिपाई. आपले धर्मगुरू सोज्वळ, आपले गावकरी भोळे. हे बेलच्या कथेचेच अनुकरण झाले. सुसान्नाच्या लेखकाने त्या काळात काय पाहिले असते? त्याने १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकलेले धर्मन्यायालय पाहिले असते. त्या न्यायालयाची रीत अशी की आरोपीला आळ घेणाऱ्याचे नाव कळू द्यायचे नाही. म्हणजे ही रहस्यकथा उलटी आहे : इथे बंदिवानालाच शोध घ्यायचा असतो की आपल्यावर कोणी, कशाबद्दल आणि का आळ घेतला. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य दमणमध्ये पकडला गेला, काही काळ वसईच्या तुरुंगात राहून गोव्याला नेला गेला, आणि सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. आपल्या किनाऱ्यावर घडलेली इतकी थरारक गोष्ट आपल्या एकाही कथाकाराला भुरळ घालू नये याचे कारण आपण सारे जाणतो. तिच्यातले गुन्हेगार आपल्या देवळाच्या सावलीतले आहेत. पण विश्वासाला खरा धोका अशा कथेने होत नाही. २००० सालच्या महोत्सवी वर्षात पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून इतिहासात घडलेल्या अपराधांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली, त्यांत सत्याच्या नावाखाली वापरलेल्या दंडेलीचाही समावेश होता. जे पोपमहोदयांनी वेदीसमोर उच्चारले, ते उच्चारायला आपला कथालेखक का कचरतो?

वसईकरांना हे सांगणे जसे आवश्यक, तसेच आम्हा मराठवाड्यातल्या वाचक-लेखकांनाही काही सांगणे आवश्यक आहे. आमची तऱ्हा वेगळी आहे. आमचे तरुण कथा लिहितात तेव्हा काळाबरोबर गावही दूरचे निवडतात. त्यांना पुणे हवे, वसई हवी, निदान देवगिरी तरी हवी. आपल्या गावाला इतिहास आहे हेच त्यांना मान्य नसते. म्हणून मी मुद्दाम ताडकळस घेतो. परभणी जिल्ह्यातले, पूर्णा तालुक्यातले हे गाव. गोदावरी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यातली काळी जमीन, ज्वारी आणि कापूस. इथे किल्ला नाही, राजवाडा नाही. इथे एक खून कल्पावा आणि काळ बदलून पाहावा.

अठराव्या शतकात तो घडला तर तपास कोण करील? दरबारी मुत्सद्दी नक्कीच नाही. जुन्या गावगाड्यात चोराचा किंवा खुन्याचा माग काढण्याचे काम महार, मांग, रामोशी, भिल्ल अशा जागल्यांकडे असे. पावलांचे ठसे धरून जागल्या शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला की पुढच्या गावाने तो उचलायचा. आणि ज्या गावात माग थांबला त्या गावाने चोर काढून द्यायचा किंवा नुकसान भरून द्यायचे. दानिएलच्या राखेतले ठसे वाचणारा माणूस आमच्या प्रत्येक गावात होता! उघड्या पायाच्या ठशावरून चालणारा माणूस लंगडा की ओझेवाला, घाईत की निवांत, हे सांगणारी ती विद्या होती. वाड्याच्या सज्जात बसून लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीला तो दिसला नाही, कारण तो वाड्यात येऊच शकत नव्हता. त्याला माग वाचता येई, पण माग पाटलाच्या दारात गेला तर ते बोलण्याची त्याला मुभा होती का? ही खरी रहस्यकथा. आणि मराठवाड्यातल्या आपल्या धर्मग्रामांतील बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज त्या वाड्यात बसणारे नव्हते. गावाबाहेरच्या वस्तीतून माग काढायला आणि संशयावरून मार खायला ज्यांना प्रथम बोलावले जाई, त्यांच्यातले ते होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या परिसरात फ्रेंच फ्रान्सालियन धर्मगुरू आले ते याच वस्त्यांतून फिरले. त्या पूर्वजांना सोडून पेशव्यांच्या मुदपाकखान्यात कथा घडवायला जाणे, याला मी आळस म्हणतो.

तोच खून आता १९३० च्या सुमाराचा कल्पावा. मुलूख निजामाचा. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज लोहमार्गाची गाडी १९०० च्या सुमारास परभणी, पूर्णा, नांदेड या वाटेने धावू लागली होती; म्हणजे खुन्याला पळायला गाडी आणि तपासणाऱ्याला पडताळायला वेळापत्रक मिळाले. ठसे म्हणाल तर बोटांच्या ठशांचे जगातले पहिले सरकारी कार्यालय १८९७ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्याला उघडले गेले होते, तेव्हा 'जुन्या काळात ठसे नव्हते' हे पालुपद इथे चालणार नाही. गाव दिवाणीतले की एखाद्या मोठ्या जहागिरीतले, यावर तपास कोणाच्या हाती जाईल हे ठरे. गावात पोलीस पाटील, ठाण्यावर अमीन. व्यवहार हाली शिक्क्याचा. सहा कलदार रुपयांना सात हाली असा ढोबळ हिशेब, त्यामुळे मेलेल्या माणसाच्या कनवटीला कोणते रुपये आहेत यावरून तो सरहद्दीपलीकडून आला की नाही ते कळे. सरकारी तारीख फसली सनाची, आझुर, दै, बहमन अशा महिन्यांची. इंग्रजी तारीख, मराठी तिथी आणि फसली तारीख यांच्या घोटाळ्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहील. आरोपी त्या दिवशी परगावी होता हे खरे, पण कोणता 'तो दिवस'?

आणि सर्वांत मोलाचा मुद्दा भाषेचा. ताडकळसचा शेतकरी आपली साक्ष मराठीत देणार. ठाण्यावर आणि न्यायालयात ती उर्दूत उतरणार. आणि जे त्याला वाचता येत नाही त्याखाली तो अंगठा उठवणार. बोलणे आणि लिहिणे यांच्यामध्ये जो कारकून बसला आहे, त्याच्या हातात माणसाचा जीव आहे. आनंदीबाईंना एक अक्षर बदलावे लागले असे लोक म्हणतात. इथे भाषाच बदलत होती, आणि रोज बदलत होती. कोणाही लेखकाने याहून अधिक काय मागावे?

शेवटी १९४८. हे साल उच्चारले की मराठवाड्यात अजूनही आवाज खाली येतो. रझाकारांनी गावेच्या गावे नागवली, माणसे मारली. हे आमच्या घरांतून सांगितले जाते आणि ते खरे आहे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली, आणि मराठवाडा मुक्त झाला. तो दिवस आपण साजरा करतो, करावा. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस मुलूख फिरून सरकारला अहवाल दिला. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. मेलेल्यांत बहुतांश मुसलमान, आणि सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत. हा अहवाल दशकानुदशके बाहेर आला नाही. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना खुला झाला.

आता विहिरीतले ते प्रेत पुन्हा डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर १९४८, फसली १३५७ चे शेवटचे दिवस. ऑगस्टात मेलेला सापडला तर गाव म्हणेल, रझाकारांनी मारला. ऑक्टोबरात सापडला तर गाव म्हणेल, तो रझाकार होता. दोन्ही वेळी चौकशी तिथेच संपते. ज्याला भावाच्या हिश्श्याची जमीन हवी होती, ज्याला सावकाराची वही नाहीशी करायची होती, ज्याच्या घरातली गोष्ट कोणाला तरी कळली होती, त्याला या दोन महिन्यांसारखा सुकाळ कोणता? इथे काळच खुन्याचा साथीदार आहे. आणि तपासणारा? पुराव्यासाठी त्याला दोन्ही बाजूंच्या घरांत जावे लागेल, आणि दोन्हीकडे त्याला विचारले जाईल की तू कोणाचा. मराठवाड्यातला ख्रिस्ती पात्री-मास्तर (उपदेशक आणि शाळाशिक्षक अशी दोन्ही कामे करणारा आमचा जुना गावमास्तर) या जागी मला फार स्पष्ट दिसतो. दोन्ही गर्दींपैकी एकाही गर्दीत त्याची गणना होत नाही, लिहिता-वाचता येते, दोन्ही वस्त्यांत त्याची ये-जा आहे, आणि कोणीही त्याला सहज गप्प करू शकते. फादर ब्राऊन इंग्लंडातून आयात करण्याची गरज नाही.

मला ठाऊक आहे, यावर हरकत घेतली जाईल. जखमा भरत आल्या आहेत, त्या उकरायच्या कशाला. आपण अल्पसंख्य, आपण या भानगडीत का पडावे. धर्मग्रामातल्या कुटुंबांनी घरी वाचायच्या अंकात सलोख्याचे वाङ्मय असावे. हरकत प्रामाणिक आहे, तिचा मी आदर करतो. पण सुसान्नाचा प्राण सलोख्याने वाचला नाही. सारी सभा एकमताची होती, सलोखा पूर्ण होता, आणि तिला दगड मारायला निघालेली होती. एका पोराने तो सलोखा मोडला. शिवाय जी जखम न धुता बांधली तिला भरलेली म्हणता येत नाही, हे गावातला कंपाउंडरही सांगेल. खऱ्या माणसांची नावे घालू नयेत, हे मला मान्य आहे. हयात घराण्यांची ओळख पटेल असे तपशील बदलावेत, हेही मान्य. परंतु यंत्रणा बदलू नये : अंगठा कशाखाली उठला, माग कुठे थांबवला गेला, चौकशी कोणत्या शब्दाने बंद झाली. ते बदलले की उरते ती नुसती वेशभूषा.

दुसरी हरकत साधनांची. लहान गावातल्या लेखकाने कागद कुठून आणायचे? पुण्याचे पेशवे दप्तर आहे, हैदराबादचे अभिलेखागार आहे, हे खरे. पण तिथे जाणे प्रत्येकाला परवडणारे नाही. तरी जवळचे काही आधी पाहावे. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या ठेवण्याचा ख्रिस्तसभेचा नियम आहे. अर्थात त्या खासगी वह्या आहेत, कोणी उठावे आणि चाळाव्यात अशा नव्हेत. पण आपल्याच कुटुंबाच्या नोंदी धर्मगुरूंच्या परवानगीने पाहायला कोणाची ना नाही. मृत्यूच्या वहीत वय असते, तारीख असते. धर्ममातापित्यांच्या नावांवरून कोणाचे कोणाशी जात होते ते कळते. एखाद्या वर्षी एकाच वस्तीतल्या नोंदी अचानक वाढतात किंवा अचानक थांबतात. पटकीची साथ होती की लोक गाव सोडून गेले? कोणाच्या भीतीने गेले? आणि त्याच घरातल्या थोरल्या आजीला अजून दोन-चार गोष्टी आठवत असतात, ज्या तिला कोणी विचारलेल्या नसतात. तिच्याकडे आधी जावे, शनिवारवाडा नंतर पाहता येईल.

पापनिवेदनाच्या मुद्रेविषयी मात्र आत्ताच बजावून ठेवतो, कारण आपल्या मंडळींना तो मोह हटकून पडतो. खुनी धर्मगुरूंपुढे गुडघे टेकतो, सारे सांगतो, आणि धर्मगुरू मनात जळत राहतात. ही युक्ती इतकी वापरून झाली आहे की तिच्यात आता ओलावा उरलेला नाही. त्याहून वाईट असे की ती तपासाचे काम संस्कारावर ढकलते. जे पुराव्याने सिद्ध करायचे ते कानात ऐकू आले, की दानिएलला झाडाचे नाव विचारण्याचे कारणच राहत नाही.